रजिस्टरात न लिहिलेला ‘म्हणे’

परशा,

पेपरात तुझ्याविषयी जे छापून आलं त्यात दोन चुका आहेत. पहिली म्हणजे वय छप्पन्न लिहिलंय. तुला पंचावन्न पूर्ण होऊन चार महिने झाले होते. दुसरी चूक मोठी आहे. ‘एका गाजलेल्या अमेरिकन कादंबरीचा मराठी अनुवाद त्यांनी नुकताच पूर्ण केला होता.’ पूर्ण केला नव्हता. चौतीस प्रकरणांपैकी तीस झाली होती आणि एकतिसावं मध्येच थांबलंय. वही समोर ठेवून सांगतोय. बाकी तुझं शिक्षण, नोकरी, कोणता दवाखाना, किती वाजता, हे त्यांनी बरोबर दिलंय, म्हणून इथं पुन्हा देत नाही.

कॉलेजच्या अंकासाठी तुझ्यावर लिहा असं तुझे सहकारी म्हणाले. मी म्हटलं, मी कापसाच्या जिनिंग मिलच्या वजनकाट्यावरचा माणूस, मला वजनाची पावती लिहिता येते, लेख नाही. ते म्हणाले, सरांच्या सगळ्यात जवळचे तुम्हीच. ते कितपत खरं आहे, हेच मला लिहिताना तपासायचंय.

चार वर्षं दर रविवारी सकाळी साडेआठला तू दिग्रसच्या आमच्या घरी यायचास. लग्नं, परीक्षा आणि माझे हंगामातले रविवार वजा केले तरी एकशे सत्तरच्या आसपास बैठका भरतील. काखेत दोनशे पानी वही, हातात ते पुस्तक. कॉलेजच्या ग्रंथालयानं रद्दीत काढलेलं, कव्हर गेलेलं, शिवण सुटलेली. तू आदल्या आठवड्यात केलेलं भाषांतर वाचायचास आणि मी ऐकायचो. पहिल्याच रविवारी मी विचारलं होतं, इंग्रजीचा प्रोफेसर तू, मग माझी काय गरज? तू म्हणालास, “मले वाहवा करणारे कॉलेजात लय भेटतात बे. मोजणारा पाह्यजे.”

अंक वाचणाऱ्यांना ती कादंबरी माहीत नसेल, म्हणून थोडक्यात सांगतो. नदीकाठचं कापसाचं एक अमेरिकन गाव, साधारण शंभर वर्षांपूर्वीचं. गोष्ट सांगतो तिथला पोस्टमास्तर. माणूस सभ्य, थोडा विनोदी, सगळ्या गावाचा विश्वासू. गावात कापसाची एक मिल आहे, तिचा मालक बुडत चाललाय आणि एका दुपारी मिलला आग लागते. आग कोणी लावली? पोस्टमास्तर सांगतो की मिलवर काम करणाऱ्या एका काळ्या मजुरानं. गाव ते मानतं. त्या माणसाला बायकोपोरांसकट गाव सोडावं लागतं. शेवटपर्यंत कोणी दुसरं काही म्हणत नाही.

मी पोस्टमास्तरच्या बाजूचा होतो, हे कबूल करतो. तो पार्सलं तोलायचा, मी कापसाच्या गाड्या तोलतो. तो गाडीच्या वेळा लिहून ठेवायचा, मीही लिहितो. इतकी टापटीप ठेवणारा माणूस खोटं कशाला बोलेल, असं मी म्हटलं की तू चष्मा कपाळावर सरकवायचास.

“काटेवाले, तो काय सांगून राह्यला ते नका पाहू. तो उभा कुठी होता ते पाहा.”

“अरे पण लेखकानंच तसं लिहिलंय ना?”

“लेखक वेगळा, सांगणारा वेगळा. लेखक त्याच्या मांगं उभा राहून आपल्याले डोळा मारून राह्यला. तुले दिसत नाई, कारण तू त्या पोस्टमास्तरच्याच बाकड्यावर बसेल हायेस.”

हे बाकड्याचं तू हसत म्हणालास. मीही हसलो होतो.

आपलं मोठं भांडण एका शब्दावरून होतं. पोस्टमास्तरनं जे स्वतः पाहिलंय असं वाटत नाही, तिथं तू भाषांतरात ‘म्हणे’ घालायचास. मूळ इंग्रजीत साधं वाक्य: मालकानं त्या रात्री बायकोला घराबाहेर काढलं. तुझ्या मराठीत: ‘काढलं म्हणे.’ मी अडवायचो. मूळ पुस्तकात नाही ते तू का घालतोस? भाषांतर म्हणजे काटा. जेवढं तिकडं, तेवढंच इकडं उतरलं पाहिजे.

तुझं म्हणणं असं, की इंग्रजीत हा शब्दच नाही. ‘असं ऐकण्यात येतं’ असं लांबलचक काहीतरी आहे, पण ते वाक्याच्या आधी येऊन उभं राहतं, सगळ्यांना दिसतं. आपला ‘म्हणे’ शेवटी येतो, हळूच, आणि अख्खं वाक्य दुसऱ्याच्या डोक्यावर ठेवून मोकळा होतो. “त्या भाषेत माणसाले न पाह्यलेलं पाह्यल्यासारखं सांगता येते आन् कोणी पकडत नाई. मराठीत त्याले ‘म्हणे’ गाळा लागते. आन् गाळलं का दिसते.”

मी म्हणायचो, पण पहिल्या पानापासून म्हणे-म्हणे केलंस तर वाचक लगेच सावध होईल. गाव जसं फसलं तसं वाचकानं आधी फसायला पाहिजे. नाहीतर त्याला स्वतःची लाज कशी वाटणार? यावर तू एकदा वही मिटलीस. मग म्हणालास, “हे तू बरोबर बोलला. पण मले त्या पोस्टमास्तरले सोडून देनं होत नाई.” भांडण तिथंच राहिलं. वहीतले सगळे ‘म्हणे’ मी आता मोजलेत, दोनशे बारा आहेत. त्यांतले एकोणचाळीस तू पेन्सिलनं खोडून पुन्हा लिहिलेत. ते माझ्यामुळं, असं मी धरतो.

मोजणीचं काम तू मला मुद्दाम दिलंस की काय, कोण जाणे. एका रविवारी म्हणालास, मिलमालकाच्या कुत्र्याचं नाव किती वेळा येतं ते पाहून ठेव. मी आठवडाभर पुस्तक चाळलं. एकोणीस वेळा. मग म्हणालास, आता त्या मजुराचं नाव मोज. मी पुन्हा पहिल्या पानापासून बोट ठेवत गेलो. तो माणूस जवळजवळ प्रत्येक प्रकरणात आहे. गाठी उचलतो, मालकिणीची पेटी वाहतो, पुरात पोस्टाच्या थैल्या डोक्यावर घेऊन नदी पार करतो. नाव एकदाही नाही. मी आकडा सांगितला तेव्हा तू कपात उरलेला चहा पिऊन टाकलास.

माझी बायको सुनीता तेव्हा उंबऱ्यात बसून तुरीची डाळ निवडत होती. ती म्हणाली, “आन् भाऊजी, त्या पोस्टमास्तरच्या बायकोचं नाव काय हाय?”

तू पुस्तक उघडलंस, मिटलंस. “वहिनी, बायको हाय. नाव नाई.”

“मंग यायले कायले एवढा इश्वास त्याच्यावर?” माझ्याकडं हात करून ती म्हणाली. “जो घरच्या बाईचं नाव सांगत नाई तो गावाचं काय सांगन?”

तू इतका हसलास की ठसका लागला. पुढचे कित्येक रविवार तू दारातूनच विचारायचास, “काय काटेवाले, कादंबरी किती किलो भरली?” आणि आत पाहून, “वहिनी, याच्या कोणत्याच पावतीवर तुमचं नाव दिसत नाई बरं!”

तुझ्या शेवटच्या आठवड्यातली गोष्ट तुला सांगायची राहिली. बुधवारी काट्यावर गाड्या कमी होत्या. केबिनमध्ये बसून मी एकतिसावं प्रकरण, आगीचं, डिक्शनरी घेऊन स्वतः वाचलं. पोस्टमास्तर सांगतो की चार वाजून दहा मिनिटांनी मिलचा भोंगा वाजला, आणि तो मजूर तेलाचा डबा घेऊन मागच्या दारानं बाहेर पडला. पण पाचव्या प्रकरणात हाच बढाई मारतो की चारच्या गाडीनं आलेल्या थैल्या उघडून टपाल लावल्याशिवाय सव्वीस वर्षांत तो कधी हलला नाही, आणि त्याला वीस मिनिटं लागतात. नवव्यात म्हणतो, मिल चाळीस मिनिटं चालण्यावर आहे आणि आपल्याकडं घोडा नाही. मी वजनाच्या पावतीच्या मागं मांडलं. चार, अधिक वीस, अधिक चाळीस. पाचच्या आधी तो मिलवर पोहोचूच शकत नाही. आणि छप्पर पावणेपाचला कोसळलं, असं त्यानंच लिहिलंय.

लेखकानं पोस्टमास्तरला खोटं बोलू दिलं, पण त्याचं घड्याळ खरं ठेवलं. कोणीतरी बेरीज करेल म्हणून. परशा, मला इतका आनंद झाला होता की फोन उचलला होता. मग म्हटलं, नको, रविवारी समोरासमोर सांगू, चेहरा पाहू. तू शुक्रवारी गेलास. ती पावती अजून माझ्या खिशात आहे.

दहाव्या दिवशी तुझ्या बायकोनं भाषांतराच्या चारही वह्या माझ्याकडं दिल्या. “भाऊ, हे तुमीच साफ लिवून द्या, कॉलेजवाले छापतो म्हणतात.” मी घरी येऊन सरळ एकतिसावं उघडलं. अर्ध्या पानावर तू थांबला होतास. शेवटची ओळ अशी आहे:

‘तो माणूस डबा घेऊन मागच्या दारानं जाताना दिसला’

पुढं ‘म्हणे’ नाही, पूर्णविरामही नाही. समासात पेन्सिलनं: ‘दिसला – कोणाले? मनोहरले इचारनं.’

मनोहर म्हणजे मी. आता ही गोष्ट लिहिण्यासाठीच मी एवढा वेळ घेतला.

बावीस वर्षांपूर्वी आमच्या जिनिंगमधून तीन वजनं गेली. काटा बरोबर आहे की नाही हे तपासायला वीस-वीस किलोची लोखंडी वजनं असतात, त्यांतली तीन. मॅनेजर चिडला होता. मी काट्याच्या केबिनमध्ये होतो. एका हमालानं येऊन मला सांगितलं, “भीमा दुपारी पोत्यात काहीतरी घेऊन गेला म्हणे.” भीमा म्हणजे तुझे सख्खे काका, गावाबाहेरच्या बंजारा तांड्यावरून रोज चालत येणारे, आमच्याकडं आठ हंगाम हमाली केलेले. मी गेट-रजिस्टर ओढलं आणि लिहिलं: ‘भीमा दुपारी पोत्यात वजनदार वस्तू नेताना दिसला.’ खाली माझी सही.

त्या हमालानं ‘म्हणे’ लावला होता. मी तो उतरवला नाही. रजिस्टरात ‘म्हणे’ कोणी लिहीत नाही, असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आलो. ‘वजनदार’ तर माझंच. हमाल ‘काहीतरी’ म्हणाला होता. आणि माझ्या केबिनची खिडकी गेटाकडं नाही, मागच्या भिंतीकडं उघडते. मी कोणालाही पाहिलं नव्हतं.

काकांना त्याच दिवशी काढलं. पुढच्या वर्षापासून ते ऊसतोडीला जाऊ लागले. आठ महिन्यांनी काट्याखालचा खड्डा उपसला तेव्हा तिन्ही वजनं गाळात निघाली, फटीतून खाली गेलेली. मी ती धुतली आणि रजिस्टरात लिहिलं: ‘तीन वजने सापडली.’ चूक दुरुस्त झाली असं मी धरलं. तांड्यावर गेलो नाही.

तुझी ओळ वाचल्यावर मी जिनिंगच्या माळ्यावरून जुनी रजिस्टरं काढली. संशयाच्या नोंदी माझ्या अक्षरात एकूण अकरा आहेत. नऊ ठिकाणी मी लिहिलंय, ‘असे समजते’. एका व्यापाऱ्याच्या ड्रायव्हरबद्दल, आमच्याच गावातल्या एकाबद्दल, मॅनेजरच्या मेव्हण्याबद्दलसुद्धा. म्हणजे रजिस्टरात चालणारा ‘म्हणे’ मला माहीत होता. दोन ठिकाणी मात्र ‘दिसला’ आहे. दोन्ही माणसं तांड्यावरची. मी हे ठरवून केलं नव्हतं, असं इथं लिहावंसं वाटतं. पण ठरवून केलं नाही म्हणजे हात आपोआप तसा चालला, आणि ते मला जास्त वाईट वाटतं.

‘मनोहरले इचारनं.’ आगीच्या वेळेचा हिशोब विचारायचा होता, की दुसरं? मी चार दिवस वही उघडून बसत होतो. शेवटी सुनीता म्हणाली, “ज्यानं लिवलं तो तं गेला. ज्याच्यावर लिवलं तो हाय ना अजून?”

काल दुपारी मी तांड्यावर गेलो. भीमाकाका दारासमोर खाटेवर बसले होते. आता नजर कमी झालीय, पण आवाजावरून ओळखलं. “आव, बेस,” म्हणाले. मी बसलो नाही. उभ्यानंच म्हटलं, “काका, त्या वजनांचं. मी तुम्हाला नेताना पाहिलं नव्हतं.”

ते म्हणाले, “मले मालूम हाय. मी तं होतोच ना तिथं.”

मग त्यांनी विचारलं, “पोत्यात काय होतं, मालूम हाय तुले?”

“नाही.”

“घोंगडं होतं. फाटेल. शिवाले नेलतं.” आणि म्हणाले, “इतल्या वर्सांत कोणी इचारलंच नाई, पोत्यात काय होतं म्हून.”

मी विचारलं, परसरामला हे माहीत होतं का?

“त्यानंच तं वाचून दाखवलतं मले. मले हाकललं तवा मॅनेजरपाशी तोच गेलता भांडाले. रजिस्टर पाह्यलं आन् घरी येऊन सांगतलं, का मनोहरचं अक्षर हाय.”

बावीस वर्षं, परशा. त्यात माझ्या पोरीच्या लग्नात तू तीन दिवस राबलास. माझ्या बापाच्या तिरडीला खांदा दिलास. आणि वर एकशे सत्तर रविवार.

काका म्हणाले, “मी इचारलं त्याले, मंग तू त्याच्या घरी चहा कायले पेतं? तं तो म्हणे, ‘काका, त्याले हिशोब अर्धा ठेवता येत नाई. तो येऊन सांगन.’” आणि खाटेवर हात आपटत म्हणाले, “बावीस वर्सं लागले तुले! मया पुतन्या हिशोबात कच्चाच होता.”

ते हसले की नाही, मला नीट सांगता येणार नाही. त्यांचं तोंड उन्हाकडं होतं. माफ केलं असं ते म्हणाले नाहीत, आणि मी विचारलं नाही. निघताना मी त्यांच्या पाया पडलो. त्यांनी पाय मागं घेतले नाहीत, पण डोक्यावर हातही ठेवला नाही. पाहिलं तेवढंच लिहितोय.

तुझं ते वाक्य, ‘तो येऊन सांगन’, मी तुझ्या तोंडून ऐकलं नाही. काकांकडून ऐकलं. म्हणून कोणी विचारलं तर मी असंच सांगेन: परसरामचा माझ्यावर भरवसा होता म्हणे. माझ्याजवळ एवढंच आहे, आणि हा ‘म्हणे’ मी गाळणार नाही. सगळ्यात जवळचा मी होतो का, हे तपासायला बसलो होतो. तू माझ्या जवळ होतास एवढं नक्की झालं. उलट बाजूचं वजन मला घेता आलं नाही.

आज सकाळी मी ते जुनं रजिस्टर मॅनेजरसमोर ठेवलं. आताचा मॅनेजर तरुण आहे, त्याला काही माहीत नव्हतं. “इतक्या जुन्या नोंदीचं काय करता?” म्हणाला. मी म्हटलं, दुरुस्ती. त्या ओळीखाली लाल शाईनं लिहिलं: ‘वरील नोंद मी स्वतः न पाहता, ऐकून केली होती. पोत्यात घोंगडे होते, असे भीमा यांचे सांगणे. ते खरे धरावे.’ सही केली. दुसऱ्या नोंदीतला माणूस आता कुठं आहे ते शोधतोय. सापडला की त्याच्याकडंही जाईन.

तुझी वही साफ लिहायला घेतली आहे. भांडणाचा निकाल लागला नाही, आणि तुझ्या माघारी मी तो माझ्या बाजूनं लावणार नाही. दोनशे बारा ‘म्हणे’ जसेच्या तसे ठेवतो. उरलेल्या प्रकरणांचं भाषांतर कॉलेजमधलं कोणी करेल. फक्त एकतिसाव्यातली तुझी शेवटची ओळ मी आहे तशीच, पूर्णविरामाशिवाय, छापायला सांगितली आहे. तुझ्या समासातल्या प्रश्नाचं उत्तर तिथं छापण्यासारखं नाही, म्हणून इथं देतो.

दिसला – कोणाले?

मले नाई, परशा. मले नाई दिसला.